बोलकी पायरी

जिनेवाल्यांना शेवटचा निरोप द्यायची वेळ आली तेव्हा त्यांची बायको उठली, स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरच्या डब्यातून सुताराची चपटी लाल पेन्सिल घेऊन आली. ती तिने नवऱ्याच्या कानामागे नीट खोचली. "असू दे," ती म्हणाली, "नाहीतर तिकडे गेल्या गेल्या शोधत बसतील आणि सगळ्यांना कामाला लावतील." भरल्या घरात एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता माणसं पुन्हा रडायला लागली.

कारण पेन्सिल शोधणं हा त्या घरातला रोजचा कार्यक्रम होता. पेन्सिल कानामागेच असायची. ते बायकोवर संशय घ्यायचे, मांजरावर घ्यायचे, एकदा तर दारावर आलेल्या पोस्टमनला थांबवून "तुम्ही काही उचललं नाहीत ना?" असं विचारलं होतं. पोस्टमन बिचारा खिसे उलटे करून दाखवू लागला. कान तेवढा कुणी दाखवायचा नाही, असा घरातला अलिखित करार होता. माणूस मजेत आहे, तर आपण कशाला मिठाचा खडा टाकायचा?

ते फक्त लाकडी जिने करायचे. टेबल, कपाट, पलंग, काही नाही. "कपाट माणसाला वाकायला लावतं, पलंग आडवा करतो," ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "जिना तेवढा माणसाला वर चढवतो. मला चढत्या माणसांचं तोंड बघायला आवडतं." म्हणून गावभर त्यांचं नाव जिनेवाले. पोट सुटलेलं, चाल जड, आणि स्वतःच्याच घराचं दार ठोठावून "मालकीणबाई, भुकेलं गिऱ्हाईक आलंय" म्हणायची सवय. आत बायको ठरलेलं उत्तर द्यायची, "दुकान बंद झालं." मग दोघं हसायची. वर्षानुवर्षं तोच विनोद, आणि वर्षानुवर्षं तेच हसू. लोक नव्या विनोदासाठी मरतात, या दोघांना जुना पुरत होता.

त्यांची एकुलती एक लेक मुकादम. हे नाव मात्र त्यांनीच ठेवलेलं. चार-पाच वर्षांची असताना ती दुकानात कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "बाबा, हे वाकडं आहे." बहुतेक वेळा असायचंही. शाळा संपली तशी ती दुकानातच रमली. रंधा मारू लागली, पटाशीने खाचा पाडू लागली, पायऱ्या बसवू लागली. बापाचे खांदे दुखायला लागल्यावर तर जड काम तीच ओढायची आणि ते स्टुलावर बसून गोष्टी सांगायचे. बाकी सगळं तिला येत होतं. एक सोडून.

त्यांच्या प्रत्येक जिन्यात एक पायरी बोलायची. ढिली नव्हे, ढिली पायरी त्यांनी जन्मात केली नसती. पायरी ठणठणीत, पण तिच्यावर पाय पडला की घसा खाकरल्यासारखा एकच आवाज: कर्र. कुठली पायरी बोलेल हेही ठरलेलं असायचं. वर येणाऱ्याचं डोकं वरच्या खोलीतून दिसायच्या जरा आधीची. "माणूस दिसायच्या आत घराला कळलं पाहिजे," ते म्हणायचे. "पसारा आवरायला, चेहरा आवरायला तेवढा वेळ पुरतो." ती पायरी बसवायची वेळ आली की ते लेकीला म्हणायचे, "मुकादम, एक काम करा. तेवढा चहा सांगून या." ती चहा सांगून येईपर्यंत पायरी बसलेली असायची आणि हे निष्पाप चेहऱ्याने मांजराशी बोलत असायचे. इतक्या वर्षांत त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

शेवटचं काम वाचनालयाचं होतं. खाली मोठी खोली, वर पुस्तकांसाठी नवा माळा, आणि त्यावर जायला जिना. अर्ध्या पायऱ्या बसल्या आणि जिनेवाल्यांच्या छातीत दुखू लागलं. दवाखान्यातली खाट कूस बदलली की कुरकुरायची. ते नर्सला म्हणाले, "ताई, ही माझ्या हातची नाही हां. माझी असती तर एकदाच बोलली असती." नर्स अजून हसत होती तोवर मुकादमने विचारलं, "बाबा, ती पायरी कशी करायची?" त्यांनी डोळे मिचकावले. "घरी आल्यावर सांगतो. आधी चहा सांग." ते घरी आले नाहीत.

दुकान जिनेवाले आणि त्यांच्या थोरल्या भावाच्या नावावर होतं. थोरले काका कधीच सुतारकामातून बाहेर पडून ऑफिसात चिकटले होते आणि आता निवृत्त होऊन घरी होते. दोघे भाऊ एकाच साच्यातले. तेच पोट, तीच जड पावलं. फरक एवढाच की एकाच्या वाट्याला सगळं हसू आलं आणि दुसऱ्याच्या वाट्याला सगळी काळजी. काका हसलेले कुणी पाहिले नव्हते. धाकट्या भावाने जन्मभर त्यांची थट्टा केली आणि त्यांनी जन्मभर "पुरे आता" एवढंच म्हटलं. भाऊ गेल्यावर पंधरवड्याच्या आत त्यांनी दुकानाला कुलूप घातलं.

"अवजारं कुणातरी चांगल्या माणसाला देऊन टाकू," ते म्हणाले. "तू एकटी एवढ्या जाड फळ्या कशा उचलणार? उद्या हात करवतीखाली गेला म्हणजे? तो होता तोवर ठीक होतं."

"काका, बाबा होते तेव्हाही फळ्या मीच उचलत होते."

"पण तो समोर होता ना."

काकांचं मन वाईट नव्हतं, हे मुकादमला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग येत होता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. ती म्हणाली, "वाचनालयाचा जिना अर्धा आहे. तो मी पुरा करणार."

काकांनी खिशातून दुकानाची किल्ली काढली, पाहिली आणि पुन्हा खिशात ठेवली. मग म्हणाले, "कर. पण त्याचा जिना म्हणून करायचा असेल तर पायरी बोलली पाहिजे. बोलली, तर किल्ली तुझी. नाही बोलली, तर विषय संपला. पुन्हा काढायचा नाही."

"कबूल," मुकादम म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला आठवलं, आपल्याला येत नाही ते नेमकं हेच.

आता गंमत बघा. जगातला कुठलाही अर्धवट सुतार कुरकुरणारा जिना करू शकतो. नव्हे, त्याला दुसरा करताच येत नाही. पण घट्ट बसलेली, जराही न हलणारी आणि तरीही एकदाच नेमकी बोलणारी पायरी करायला बसलं की कळतं. मुकादमने वाचनालयात आडव्या फळीवर एक पायरी बसवून पाहिली. जरा सैल केली तर ती डुगडुगली. घट्ट केली तर मुकी झाली. तिने हाताला फोड येईपर्यंत पाचरी ठोकल्या आणि उपटल्या. वाचनालयाच्या बाई टेबलावरून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, न बोलणारी पायरी वाचनालयात बरीच की. इथे शांतताच हवी असते." मुकादमने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की बाई पुन्हा पुस्तकात शिरल्या.

मग तिला सुचलं. बाप गेला असला तरी त्याचे जिने गावभर उभे आहेत. त्यांनाच विचारावं.

पहिल्यांदा ती दातांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांचा दवाखाना वरच्या मजल्यावर. डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि ते हातातलं काम सोडून बाहेर आले. "तुझ्या वडिलांनी मला जगवलं," ते म्हणाले. "नंबर जवळ आला की माझे निम्मे पेशंट गुपचूप खाली पळायचे. ही पायरी बोलली की मी आतून ओरडतो, 'अहो, दुखणार नाही, या परत!' शरमेने परत येतात बिचारे." तेवढ्यात खरंच कर्र झालं आणि डॉक्टर ओरडत धावले. मुकादम जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत शिरली आणि बॅटरी लावून खालून पाहू लागली. कुरकुर होऊ नये म्हणून पायऱ्यांच्या खाचांत मेण घासलेलं होतं, पाचरींवर चिकटवायच्या सरसाचे जुने थेंब होते. एकाच पायरीची खाच कोरडी होती. ना मेण, ना सरस; आणि लाकडाला लाकूड इतकं चपखल की मध्ये नख जाणार नाही. तिने त्या कोरड्या पाचरीवरून बोट फिरवलं. अडगळीत, झाडू आणि बादल्यांमध्ये बसून ती आधी हसली आणि मग हमसून हमसून रडली. बापाच्या पोटातलं गुपित तिच्या हाताला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने वाचनालयात तशीच कोरडी पायरी बसवली. इतकी घट्ट की ठोकताना घामाघूम झाली. वर चढली. पायरी गप्प. पुन्हा चढली, उतरली, थबकली, पाय आपटला. पायरीने हूं की चूं केलं नाही. घोडं कुठे पेंड खातं आहे, ते तिला कळेना.

ती निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडे गेली. बाईंना आता दिसत नव्हतं. पण त्यांच्या घरातल्या जिन्यावरून कोण येतंय ते त्यांना पायरीवरून कळायचं. "मुकादम ना तू?" मुकादमने तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या. "तुझा पाय पडला की ती लहानसं बोलते. दूधवाल्याचा पडला की भांडल्यासारखी. आणि तुझ्या बाबांचा पडला की..." त्या थांबल्या. मग हसल्या. "अगं, पहिल्या दिवशी ती बोलतच नव्हती. मी त्यांना चिडवलं, 'नाचता येईना, अंगण वाकडं.' तर म्हणाले, 'बाई, मूल जन्मल्या जन्मल्या बोलतं का? आधी कुणीतरी त्याच्याशी बोलावं लागतं.' आणि हा एवढा देह घेऊन त्या पायरीवर उड्या मारायला लागले! तोंडाने गाणं, अंगाखाली जिना. माझ्या कपाटातल्या कपबशा नाचत होत्या. आणि एकदम कर्र! म्हणाले, 'फुटला कंठ. आता मांजर चढलं तरी बोलेल.'"

मुकादम धावतच वाचनालयात गेली आणि त्या पायरीवर उड्या मारू लागली. पण मुकादम म्हणजे मूठभर हाडं. बापाने थट्टेत म्हटलेलं होतं, "वारा आला की हिला रंध्याखाली दाबून ठेवा." तिने पाठीवर पुस्तकांचा गठ्ठा बांधला आणि उड्या मारल्या. शेवटी वाचनालयाच्या बाईच पुढे आल्या आणि म्हणाल्या, "सरक, मी मारते." त्या तर तिच्याहून बारीक. दोघी धापा टाकत कठड्याला टेकल्या. पायरी ढिम्म.

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं. आई भाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे खांदे हलायला लागले. मुकादमला वाटलं ती रडते आहे. पाहते तर ती हसत होती.

"तुला मूळ गोष्ट माहीतच नाही," आई म्हणाली. "ह्यांचा पहिला जिना माझ्या माहेरचा. मी तेव्हा तिथे वरच्या खोलीत शिकवण्या घ्यायची. जिना झाला आणि एक पायरी कुरकुरली. चूक होती, चक्क चूक! मेण लावायचं विसरले होते, लक्ष दुसरीकडे होतं. माझ्या वडिलांनी भुवया उंचावल्या. तर हे बेधडक म्हणाले, 'मुद्दाम ठेवली आहे. चोर आला तर कळेल.' वडील खूश. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्याच आठवड्यात हे मला भेटायला चोरपावलांनी वर यायला लागले आणि त्याच पायरीने यांना पकडून दिलं. वडील खाली उभे! त्या पायरीने पकडलेला पहिला चोर म्हणजे तुझा बाप. मग काय, थाप खरी करायला जन्मभर प्रत्येक जिन्यात एक पायरी बोलकी करत बसले."

मुकादम पोट धरून हसली. हसणं ओसरल्यावर म्हणाली, "आई, पण माझी बोलत नाही. परवा जिन्याचं उद्घाटन आहे."

"तिला ह्यांचं वजन हवंय," आई म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली. "ते आता कुठून आणायचं?"

उद्घाटनाला सगळा गाव लोटला. वाचनालयाच्या बाईंनी जिनेवाल्यांचा फोटो मोठा करून आणला होता; ते हसताहेत आणि कानामागे पेन्सिल. तो वरच्या माळ्यावर, जिना संपतो तिथे समोरच्या भिंतीवर लावायचा होता. दातांचे डॉक्टर आले, मुख्याध्यापिकाबाई कुणाचा तरी हात धरून आल्या. पुढच्या खुर्चीवर आई. थोरले काका एका कडेला भिंतीसारखे उभे. भाषणं कमी झाली आणि किस्से जास्त. पोस्टमनने खिसे उलटे करून दाखवले तेव्हा तर छप्पर उडायचं बाकी राहिलं. मग लोक जिना चढून पाहू लागले. मुलं धडाधड वर गेली, खाली आली. डॉक्टर चढले. प्रत्येकाचा पाय त्या पायरीवर पडताना मुकादम कान देऊन ऐकायची. पायरी मुकी ती मुकीच. जिना सुंदर झाला आहे असं सगळे म्हणत होते, आणि प्रत्येक कौतुकाबरोबर ती आतून खचत होती. जिना उत्तम होता. बाबांचा नव्हता.

"फोटो घरातल्या थोरल्या माणसाने लावावा," बाई म्हणाल्या आणि फ्रेम काकांच्या हातात दिली.

काका चढू लागले. तीच जड पावलं. आईने मान खाली घातली. ती चाल तिला ऐकवत नव्हती. मुकादम मात्र टक लावून बघत होती, आणि तिच्या लक्षात आलं की काकांना पायरी ठाऊक आहे. ठाऊक असणारच, वरच्या खोलीतल्या फरसाणाच्या डब्याकडे चोरून जाताना भावाने त्यांना त्यांच्याच घरच्या जिन्यावर शेकडो वेळा पकडलं होतं. भिंतीच्या कडेला पाय ठेवला की बोलकी पायरीही बोलत नाही, हेही त्यांना पक्कं माहीत होतं, कारण पुढे पुढे तो डबा त्यांनी तसाच गाठला होता. त्यांचा पाय उचलला गेला. सवयीने कडेला वळला. हवेतच थांबला.

मग तो पायरीच्या बरोबर मधोमध पडला.

काही झालं नाही. काकांनी दुसराही पाय त्याच पायरीवर आणला आणि तसेच उभे राहिले. त्यांनी फ्रेम छातीशी घट्ट धरली, खाली मुकादमकडे पाहिलं, आणि जन्मात कधी कुणाची थट्टा न केलेल्या, कधी न हसलेल्या त्या माणसाने, एवढ्या लोकांसमोर, टुणकन उडी मारली. जिना थरारला, पण पायरी बोलली नाही. त्यांनी आणखी उंच उडी मारली. "बोल की गं!" ते ओरडले, आणि दोन्ही पाय एकदम आदळले.

कर्र.

"आले वाटतं," आई म्हणाली. सवयीने, वर न बघता, घरच्या जिन्याची पायरी बोलली की रोज म्हणायची तशी. मग तिने तोंडावर हात ठेवला आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मुख्याध्यापिकाबाई खुर्चीतून उठून टाळ्या वाजवू लागल्या. मग सगळेच. मुलं धावली आणि त्या पायरीवर एकेक पाय ठेवू लागली. कर्र, कर्र, मांजर चढलं असतं तरी बोलली असती. वर काका फोटोजवळ उभे होते आणि हसत होते. त्यांचं हसू हुबेहूब धाकट्यासारखं होतं, आणि ही गोष्ट इतकी वर्षं कुणालाच माहीत नव्हती.

ते खाली आले. खिशातून दुकानाची किल्ली काढली आणि मुकादमच्या हातावर ठेवली. "फळ्या उचलायला मी येत जाईन," ते म्हणाले. "निवृत्त माणसाला घरी काय काम? आणि उड्या मारायला तुला कुणीतरी लागेलच."

मुकादमने त्यांना मिठीच मारली. वाचनालयाच्या बाई गर्दीतून वाट काढत आल्या, डोळे पुसत, पण कुतूहलाने फुललेल्या. "अगं, आता तरी सांग. एवढी घट्ट पायरी, आणि बोलते! करतेस तरी कसं?"

सगळे कान टवकारून पुढे सरकले. मुकादमने उत्तर द्यायच्या आधी टेबलावर पाहिलं, खिसे चाचपले, पायाखाली पाहिलं. तिची पेन्सिल हरवली होती. पुढच्या खुर्चीवर आईने ओठ घट्ट मिटून घेतले आणि लेकीच्या कानाकडे अजिबात न बघता ती छताकडे पाहू लागली.

"सांगते की," मुकादम म्हणाली. "बाई, एक काम करा. तेवढा चहा सांगून या."